लेकीची कमाई आणि घराचा कारभार

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एका लहान गावी राहतो. चार एकर धानाची शेती आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिने झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीच्या, एका नाटकात लहान मुलीचे काम केले होते. ते पाहून ओळखीच्या एका माणसाने तिचा व्हिडिओ मुंबईला पाठवला आणि एका मराठी मालिकेत तिची निवड झाली. तेव्हापासून जवळजवळ तीन वर्षे मी तिला घेऊन ठाण्याला भाड्याच्या खोलीत राहिले. गावी यजमान, सासूबाई आणि मोठा मुलगा होते. दिवाळीच्या आधी मालिकेने लीप घेतला, म्हणजे कथा काही वर्षे पुढे नेली, तिची भूमिका आता मोठी नटी करते आणि आम्ही दोघी परत आलो. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या जत्रेत, लोक तिच्याभोवती फोटोसाठी गर्दी करतात, मालिकेतल्या नावाने हाक मारतात. घरात ताट उचलायला सांगितले तरी ती चिडते, शाळेत जायला नाही म्हणते आणि रात्री मला बिलगून झोपते. सासूबाई अजून तीच मालिका लावतात, तेव्हा ती उठून बाहेर जाऊन बसते. मुलगा यंदा दहावीला आहे. तो तिच्याशी बोलत नाही, “तूच आता घरची मालकीण” असे टोमणे मारतो. तिच्या पैशांतून आम्ही सोसायटीचे कर्ज फेडले, बोअर मारली, ट्रॅक्टर घेतला. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आता एका हिंदी मालिकेचे बोलावणे आले असून पंधरा दिवसांत कळवायचे आहे. यजमान म्हणतात, जा. सासूबाई म्हणतात, पुरे झाले. मुलीला विचारले तर ती एवढेच म्हणते, “तुम्ही म्हणाल तसे.” मी काय करावे?

— एक आई, साकोली तालुका

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत, पण मला त्यांतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुमच्या मुलीचे वाटले. जी मुलगी ताट उचलण्यावरून चिडते, शाळेला ठामपणे नाही म्हणते, आजीने मालिका लावली की उठून जाते, तिला स्वतःचे मत नाही असे कोणी म्हणणार नाही. तरीही पुढची काही वर्षे कुठे आणि कशी काढायची एवढ्या मोठ्या प्रश्नावर ती “तुम्ही म्हणाल तसे” असे उत्तर देते, याचा अर्थ त्या एका प्रश्नावर नाही म्हणण्याची सोय आपल्याला नाही, हे तिला कळलेले आहे. ट्रॅक्टर कोणाच्या पैशांचा आहे आणि त्याचे हप्ते अजून बाकी आहेत, हे अकरा वर्षांच्या मुलीला ठाऊक नसेल असे समजू नका. भावाच्या टोमण्यातून तिला ते रोजच ऐकावे लागत आहे.

म्हणून हिंदी मालिका घ्यावी की नाही, हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. ज्या घराचा खर्च मुलाच्या कमाईवर चालतो, त्या घरात मुलाची संमती खरी आहे की नाही हे ओळखायला काहीच मार्ग उरत नाही. आई-बापांनी कितीही प्रेमाने विचारले तरी हप्त्याची तारीख त्या प्रश्नातच दडलेली असते. आधी तुमचे घर तिच्या पैशांवरून उतरले पाहिजे. प्रसिद्धी, शाळा, भावाचा राग हे बाकीचे प्रश्न त्याने आपोआप सुटणार नाहीत, पण तोपर्यंत ते सुटण्याची सुरुवातही होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात तुमच्या यजमानांना दोषी ठरवण्याचा माझा हेतू नाही. धान विकल्यावर चुकारा हाती यायला महिने लागतात, एखाद्या वर्षी ऐन कापणीत पाऊस येतो, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते आणि अशा वेळी घरात दरमहा पैसा येऊ लागला तर तो आधी कर्जाकडेच वळणार. तो पैसा दारूत किंवा जुगारात गेलेला नाही, शेतीत गेला आहे, हेही मला दिसते. परंतु पैसा चांगल्या कामी लागला म्हणून तो कोणाचा होता हा प्रश्न मिटत नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या जॅकी कूगनचे उदाहरण जगभर सांगितले जाते. १९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आलेला हा लहान मुलगा त्या काळात जगातल्या सर्वाधिक प्रसिद्ध मुलांपैकी एक होता आणि त्याने लाखो डॉलर मिळवले. पण एकविसाव्या वर्षी त्याने चौकशी केली तेव्हा जवळजवळ सगळा पैसा खर्च झालेला होता. त्याने १९३८ मध्ये आपल्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, तेव्हा त्या काळचा तिथला कायदा मात्र आई-वडिलांच्याच बाजूने होता, कारण अल्पवयीन मुलाची कमाई पालकांची मानली जात असे. त्याच्या हाती अगदी थोडा भाग पडला. या प्रकरणानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा एक हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. कूगनचे पालक कायद्याने चूक नव्हते आणि तरीही मुलगा कोर्टात उभा राहिला, एवढेच मला तुमच्या यजमानांच्या नजरेला आणून द्यायचे आहे.

आपल्याकडे बालकामगार प्रतिबंधक कायदा १९८६ चा आहे. त्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्यात बंदी आहे, पण चित्रपट, मालिका, जाहिराती यांत काम करणाऱ्या बालकलाकारांना काही अटींवर सूट दिलेली आहे, आणि २०१७ च्या नियमांत त्या अटी स्पष्ट लिहिल्या आहेत. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा झाले पाहिजेत आणि ती रक्कम त्याला सज्ञान झाल्यावर मिळाली पाहिजे. मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा अधिक काम करवता येत नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काळ कामावर ठेवता येत नाही. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण व्हायचे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. परवानगी मागताना पालकांची संमती आणि मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर असेल त्या माणसाचे नाव द्यायचे असते. मुलाचे शिक्षण खंडित होणार नाही याची व्यवस्था करायची असते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घ्यायचे नाही, असेही त्याच नियमांत आहे, आणि तुमच्या पत्राच्या दृष्टीने ही अट मला पैशाच्या अटीइतकीच महत्त्वाची वाटते.

तुमच्या पत्रात मुदत ठेवीचा उल्लेख कुठेच नाही. ती झाली असेल तर तिची पावती शोधा. झाली नसेल तर ज्या कंपनीशी करार होता तिच्याकडे लेखी विचारणा करा. त्याच वेळी मुलीच्या नावाने कर किती कापला गेला, याचेही कागद मागून घ्या. आई-वडिलांच्या उत्पन्नात मुलांचे उत्पन्न धरण्याचा जो सर्वसाधारण नियम आहे, तो मुलाने स्वतःच्या कलेने किंवा कौशल्याने मिळवलेल्या पैशाला लागू होत नाही. ते उत्पन्न मुलाच्याच नावाने मोजले जाते. त्यामुळे तिचे स्वतःचे पॅन कार्ड असायला हवे आणि कापलेला कर परत मिळण्याजोगा असेल तर तिच्याच नावाने विवरणपत्र भरायला हवे. मुदत ठेवीवरचे व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरले जाते, हा फरक साकोलीच्या किंवा भंडाऱ्याच्या एखाद्या कर सल्लागाराकडून नीट समजून घ्या. सुकन्या समृद्धीचे खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावे लागते, त्यामुळे ती वाट आता बंद झाली आहे; परंतु दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतःच्या सहीने चालवता येईल असे बचत खाते काढता येते. ते तिच्या नावाने काढा आणि पासबुक तिच्या हाती द्या.

यानंतर एका संध्याकाळी तुम्ही आणि यजमान वही घेऊन बसा. तीन वर्षांत किती पैसे आले, त्यांतून काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचे कमिशन किती गेले, ठाण्याचे भाडे, प्रवास, कपडे, डॉक्टर यांना किती लागले आणि घराकडे, शेतीकडे किती वळले, याचा हिशेब लिहून काढा. घराकडे वळलेली रक्कम मुलीकडून घेतलेली उसनवारी आहे असे समजून तिच्यासमोर ठेवा आणि दरवर्षी धानाचा चुकारा आला की त्यातला जमेल तेवढा भाग तिच्या खात्यात भरायला लागा. पूर्ण रक्कम फिटेल का, मला शंका आहे. पण बापाने आपल्याकडून घेतले आणि तो परत करतो आहे, हे मुलीला दिसणे आणि ते मुलाला दिसणे, याची किंमत रकमेपेक्षा जास्त आहे.

ट्रॅक्टरविषयी मी थोडे परखड बोलते. चार एकर धानाच्या बांध्यांना स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, हे यजमान माझ्यापेक्षा चांगले जाणतात. तो चिखलणीच्या दिवसांत आणि मळणीच्या वेळी गावात भाड्याने फिरत असेल आणि त्याच्याच कमाईतून हप्ता निघत असेल तर तो ठेवा. तसे होत नसेल तर तो विका आणि उरलेले कर्ज फेडून मोकळे व्हा. दारात ट्रॅक्टर उभा असणे ही गावात प्रतिष्ठेची बाब आहे आणि तो विकला तर चार तोंडे बोलतील, हे खरे आहे. परंतु ती तोंडे बंद ठेवण्यासाठी अकरा वर्षांच्या मुलीने मुंबईला जाऊन उभे राहावे, हे मला पटत नाही.

आता तुमच्या मुलाविषयी. पत्रात त्याच्यासाठी तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत आणि त्याही तक्रारीच्या आहेत. तो बारा वर्षांचा असताना तुम्ही घरून निघालात आणि पंधरा वर्षांचा झाल्यावर परत आलात; मुलाचा आवाज फुटतो, अंगावरचे कपडे आखूड होतात, बापाशी खटके उडायला लागतात, ती सगळी वर्षे त्याने आजीच्या हातचे खाऊन आणि रोवणीत वडिलांना मदत करून काढली. बहिणीला पैसे मिळाले, नाव मिळाले, आणि शिवाय आईही मिळाली. त्याचा राग ट्रॅक्टरवर किंवा फोटोंवर आहे असे त्यालाही वाटत असेल, पण त्याचा खरा हिशेब या तिसऱ्या गोष्टीचा आहे, असे मला वाटते. त्याला समजावताना “हे सगळे तुझ्यासाठीही केले” असे वाक्य चुकूनही बोलू नका, कारण ते खरे नाही आणि त्याला ते कळते. नवा मोबाइल घेऊन त्याची समजूत काढण्याचा प्रयत्नही करू नका, विशेषतः तो बहिणीच्या पैशांतून येणार असेल तर. तुझ्या वाट्याची आई तीन वर्षे कमी पडली, एवढे तुम्ही त्याला एकदा सरळ सांगा आणि त्याची दहावीची परीक्षा होईपर्यंत घर सोडून कुठेही जाऊ नका. परीक्षेच्या दिवसांत सकाळी त्याला डबा तुम्ही द्यायचा, केंद्रापर्यंत तुम्ही जायचे. टोमणे मात्र सहन करू नका. त्याचा राग योग्य आहे आणि बहिणीला मालकीण म्हणणे अयोग्य आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता येतात. तो आईने सांगितल्यापेक्षा वडिलांनी सांगितले तर जास्त ऐकेल, कारण घराचा मालक कोण हा टोमणा खरे तर वडिलांनाच आहे.

मुलीच्या वागण्याकडे पाहताना दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. सेटवर तीन वर्षे तिच्या हातात पाण्याचा ग्लास स्पॉटदादांनी आणून दिला, केस दुसऱ्या कोणीतरी विंचरले, कपडे दुसऱ्या कोणीतरी ठेवले; तिथे तिने ताट उचलले असते तर कदाचित तिला थांबवलेच गेले असते. त्यामुळे ताटावरून चिडणे हा मुख्यतः सवयीचा भाग आहे, आणि सवय घरच्या नियमाने मोडते. भावाने ताट उचलायचे आणि बहिणीनेही उचलायचे, बापानेही उचलले तर फारच उत्तम. तिला म्हणून वेगळे काम देऊ नका आणि तिला म्हणून सूटही देऊ नका.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. मालिकेतली भूमिका दुसरीकडे जाणे हे आपल्यासाठी कथानकाचे वळण असते, पण तीन वर्षे रोज ज्यांना आई, बाबा, आजी म्हणून हाका मारल्या, ज्यांच्या मांडीवर बसून संवाद पाठ केले, ते सगळे लोक तिच्या आयुष्यातून एका आठवड्यात नाहीसे झाले, आणि ते तिच्यावाचून तसेच पुढे चालू आहेत हे तिला रोज संध्याकाळी स्वतःच्या घरात पाहावे लागते. तिने काही चूक केलेली नाही. ती मोठी झाली एवढेच. हे तिला कोणी नीट सांगितले आहे का? मालिकेत काळ पुढे सरकवला की लहान मुलांच्या जागी मोठे कलाकार येणारच, हा त्या व्यवसायाचा ठरलेला रिवाज आहे, तिच्या अभिनयाशी त्याचा संबंध नाही, हे तिला शब्दांत सांगा. सासूबाईंना विनंती करा की काही महिने त्या वेळेला दुसरे काहीतरी लावावे. त्यांनी “पुरे झाले” असे म्हटले आहे, तेव्हा त्या हे ऐकतील अशी मला आशा आहे. सेटवरच्या ज्या एक-दोन माणसांवर तिचा खरा जीव होता त्यांच्याशी महिन्यातून एखाद्या वेळी फोनवर बोलू द्या.

शाळेला ती नाही म्हणते त्यामागे गर्व असेल असे गावात म्हणत असतील. मला भीती जास्त दिसते. तीन वर्षांत तिने नियमित वर्ग पाहिलेला नाही, तिच्या वयाच्या मुली सहावीत अपूर्णांक करत असतील आणि ज्या मुलीला सगळे ओळखतात तिला फळ्यावरचे गणित येत नाही हे सगळ्यांसमोर उघडे पडणार असेल, तर शाळा टाळणे हीच तिला अब्रू राखण्याची वाट वाटणार. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे तिला लहान मुलांच्या वर्गात बसावे लागेल ही भीती आधी दूर करा. मग मुख्याध्यापकांना एकट्याने भेटा आणि तीन गोष्टी मागा: एखाद्या शिक्षकाने शाळा सुटल्यावर तिच्यासोबत थोडा वेळ बसावे, वर्गात तिला तिच्या खऱ्या नावानेच हाक मारली जावी, आणि यंदा स्नेहसंमेलनात तिला प्रमुख पाहुणी किंवा मुख्य नर्तकी करू नये. ही तिसरी विनंती शाळेला जड जाईल, कारण पाहुण्यांसमोर मिरवायला मुलगी आयती हाताशी आहे, पण ती आग्रहाने करा. तिची एखादी जुनी मैत्रीण तिला घरून सोबत घेऊन जात असेल तर निम्मे काम तिथेच होईल. ठाण्याला राहून तिच्या बोलण्यात बदल झाला असेल आणि मुले त्यावरून हसत असतील, तर त्यात पडू नका. आजीशी बोलता बोलता तिची बोली परत येईल आणि दोन्ही तऱ्हांनी बोलता येणे हे नटीला उपयोगाचेच आहे.

गावातल्या गर्दीचे काय करायचे, हा प्रश्न मला तुमच्यापेक्षा थोडा कमी गंभीर वाटतो, कारण गावची प्रसिद्धी लवकर ओसरते आणि पुढच्या मंडईपर्यंत लोक दुसऱ्या कोणाभोवती असतील. तोवर एक साधा नियम करा: घरात आणि शाळेत फोटो नाही, मंडईत किंवा शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) तिची इच्छा असेल तर फोटो, आणि ती नको म्हणाली की आई-बापाने तिच्या वतीने नाही म्हणायचे, “अगं काढ की एक, मामा आहेत आपले” असे म्हणून तिला पुढे ढकलायचे नाही. दुकानाची फीत कापायला किंवा राजकीय मंचावर बसायला तिला नेऊ नका, त्याचे पैसे मिळत असले तरी. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते चालवता येत नाही; तिच्या नावाचे खाते तुम्ही चालवत असाल तर तसे तिथे लिहा आणि अनोळखी माणसांचे निरोप बंद ठेवा. शाळेचा गणवेश, घराचे दार, गावाचे नाव दिसेल असे फोटो टाकू नका. कोणाच्या स्पर्शाने किंवा बोलण्याने तिला कधी, सेटवर किंवा गावात, अवघडल्यासारखे झाले होते का, हेही तिला शांतपणे एकदा विचारून घ्या. तसे काही निघाले तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर बोला आणि घरातल्या घरात ते दाबू नका.

प्रसिद्धी आणि घर यांचा मेळ घालण्याची एक जुनी रीत तुमच्याच भागात आहे, ती मी इथे सांगते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दिवाळीनंतर होळीपर्यंत हंगाम चालतो, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाट्यमंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा जिल्ह्यांत गावोगावी जातात, रात्रभर नाटक होते आणि कित्येक कलाकार हंगाम संपला की पुन्हा शेतात दिसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथे प्रेक्षकाला नट बांधीतही दिसतो आणि बाजारातही दिसतो, त्यामुळे त्याच्या नावाचा आकार माणसापेक्षा फार मोठा होत नाही. दूरदर्शन संचावर रोज अर्धा तास दिसणाऱ्या मुलाच्या बाबतीत तसे होत नाही. प्रेक्षकाला फक्त भूमिका माहीत असते. लहान मुलांनी रात्रभर जागावे असे मी सुचवत नाही, पण परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात गावातल्या किंवा शाळेतल्या मुलांच्या एखाद्या नाटकात तिला पैसे नसलेली, कॅमेरा नसलेली भूमिका मिळेल असे पाहा. ती आनंदाने तालमीला जाते की नाही, यावरून तिला अभिनय हवा आहे की केवळ त्याभोवतीची वागणूक हवी आहे, हे तुम्हाला आणि तिलाही कळेल.

आता हिंदी मालिकेचे बोलणे. या वेळी नाही म्हणा, असा माझा सल्ला आहे. मुलाची दहावी, मुलीची सुटलेली शाळा आणि घराचा न झालेला हिशेब, या तीन गोष्टी समोर असताना रोजची मालिका घेणे म्हणजे त्या तिन्ही अनिश्चित काळासाठी लांबवणे होय, कारण चित्रपट काही आठवड्यांत संपतो, पण मालिका कधी संपेल हे ती बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मानधनही बहुधा तीन-तीन महिन्यांनी हाती येते, तेव्हा पुढच्या हप्त्याची सोय त्यातून होईल या हिशेबालाही फारसा आधार नाही. पुन्हा अशी संधी येणार नाही, असे यजमान म्हणतील, आणि कदाचित ते बरोबर ठरेल. बारा ते सोळा या वयात मुलांना काम कमी मिळते, कारण पडद्यावर एकतर लहान मूल हवे असते किंवा अठरा वर्षांवरचा कलाकार हवा असतो, ज्याला कामाच्या तासांचे बंधन नसते आणि जो सोळा वर्षांचाही दिसू शकतो. हे नुकसान असू शकते, हे मान्य करूनच नाही म्हणायचे आहे. १९५३ च्या ‘श्यामची आई’मध्ये श्याम झालेले माधव वझे पुढे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले, १९६३ मध्ये बालकलाकार म्हणून आलेले सचिन पिळगांवकर पडद्यावरच राहिले आणि नायक, दिग्दर्शक झाले. दोन्ही वाटा असतात. ज्यांची नावे आपल्याला आठवतात ते तरून गेलेले लोक असतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून मी तुम्हाला भरवसा देणार नाही.

हा निर्णय मुलीला कळवताना तुम्ही दोघांनी मिळून कळवा. “आम्ही तुला पाठवत नाही” अशा शब्दांत तिच्यावर तो शिक्षेसारखा पडू देऊ नका. घराचा खर्च आणि ट्रॅक्टरचा हप्ता ही आमची जबाबदारी आहे, तुझी नाही, आणि तू काम केलेस किंवा न केलेस तरी या घरातली तुझी जागा तीच राहील, एवढे वडिलांच्या तोंडून तिला ऐकू येऊ द्या. ती रडेल, रागावेल किंवा उलट सुटल्यासारखा श्वास टाकेल. जे होईल ते होऊ द्या, लगेच दुसरे आश्वासन देऊ नका. पुढच्या वर्षी तिने स्वतःहून काम करायचे म्हटले तर सुट्टीतला चित्रपट पाहा, तासांचा आणि मुदत ठेवीचा उल्लेख करारात लेखी घ्या, सेटवर ताटकळत बसण्याचा वेळ कामाच्या तासांत धरायचा की नाही हेही आधीच लिहून घ्या, आणि त्या वेळी विदर्भ एक्सप्रेसने तिच्यासोबत यजमानांनी जावे. घरी मुलाजवळ राहण्याची पाळी मग तुमची.

स्वतःविषयी तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही. तीन वर्षे एका खोलीत, ओळखीचे कोणी नसताना, सेटच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून दिवस काढल्यावर घरी परतलेल्या बाईला स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखे वाटू शकते, आणि नवरा-बायकोतही एक अंतर पडलेले असू शकते. मुलांची घडी बसवण्याच्या नादात त्याकडे दुर्लक्ष करू नका. वही घेऊन बसाल त्या संध्याकाळी हिशेबाखेरीजही थोडे बोला. हे पत्र यजमानांना वाचायला द्या. मुलांना देऊ नका.

को-ऑर्डिनेटरला पंधरा दिवस संपायच्या आत फोन करा, म्हणजे त्यालाही दुसरी मुलगी शोधता येईल आणि तुमचे संबंध बिघडणार नाहीत. मुलगी सध्या शाळेत जाणार आहे, मी स्वतः कळवेपर्यंत तिचे फोटो किंवा व्हिडिओ कुठे पाठवू नका, असे त्याला सांगा. आणि आधीच्या मालिकेच्या मुदत ठेवीची पावती आणि करकपातीचे प्रमाणपत्र कोणाकडून मिळेल, त्या माणसाचे नाव त्याच फोनवर विचारून घ्या.